अकरा दिवसांचं ‘बरोबर’

परीक्षेला अकरा दिवस उरले तेव्हा मी वहीतले प्रश्न तीन पानांवर वाटले. झोपेतून उठवून विचारले तरी येतील ते पहिल्या पानावर, कधी येतात कधी निसटतात ते दुसऱ्यावर आणि मुळीच येत नाहीत ते तिसऱ्यावर. एकोणचाळीस, पंचेचाळीस आणि सोळा. बेरीज शंभर. खरं तर वहीत प्रश्न एकशे एक होते. बाळंतपणात फार रक्त जाऊ लागलं तर काय करायचं, याचे दोन वेगळे प्रश्न होते: मुलामागून यायची वार पडायच्या आधी रक्त जात असेल तर, आणि वार पडून गेल्यावर जात असेल तर. मी दोन्ही ‘रक्त जाणे’ या एकाच मथळ्याखाली घातले आणि शंभर पुरे केले. पूर्ण आकडा दिसला की मला आजही बरं वाटतं.

परीक्षा मिडवाइफची होती. सोलापुरातल्या बायकांच्या एका दवाखान्यात आम्ही नऊ जणी दीड वर्ष हे काम शिकत होतो. परीक्षेला पुण्याहून डॉक्टर यायचे, सकाळी लेखी आणि दुपारी तोंडी घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. छापील पुस्तक दवाखान्यात एकच होतं, तेही सिस्टरबाईंच्या कपाटात. म्हणून तिथे एक रीत पडली होती. तोंडी परीक्षा देऊन एखादी बाहेर आली की व्हरांड्यातच तिला विचारायचं, काय विचारलं, तू काय सांगितलंस. ते वहीत उतरून घ्यायचं. मागाहून सिस्टरबाई चुकीची उत्तरं तांबड्या शाईने दुरुस्त करायच्या आणि वही पुढच्या तुकडीला मिळायची. आमच्या तुकडीत ती माझ्या ताब्यात होती, कारण माझं अक्षर बरं होतं आणि माझ्याकडून वस्तू हरवत नसे.

मला पास व्हायलाच हवं होतं. नवरा साथीच्या तापात गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. पुढे काही वर्षांनी तिला माढ्याला थोरल्या जावेकडे ठेवून मी हे काम शिकायला सोलापूरला आले होते. दवाखान्याच्या मागे, चिंचेच्या झाडाखाली, पास झालेल्या नर्ससाठी एक खोली रिकामी झाली होती. सिस्टरबाईंनी शब्द दिला होता की पास झालीस तर खोली तुझी, मुलीला घेऊन ये. मी खोली मोजून आले होते. नऊ पावलं लांब, सात रुंद. एक कोनाडा पाटी-दप्तरासाठी, एक देवासाठी. मुलगी सात वर्षांची झाली होती आणि जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. जावेला पत्र टाकून मी कळवलं होतं की पोरीचं बोचकं बांधून ठेवा, परीक्षा झाली की पहिल्या रविवारी न्यायला येते.

प्रश्न विचारायला मी जिला निवडलं ती आमच्या नऊ जणींतलीच, सोलापूरच्या पूर्वभागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी आणि पेशंटच्या नातेवाइकांशी ज्याची जी भाषा असेल ती. तिची आई गल्लीतली सुईण होती, त्यामुळे आम्ही दीड वर्षात जे शिकलो त्यातलं निम्मं ती आठव्या वर्षापासून बघत आली होती. तिला लिहिणं जड जायचं, पण वाचता चांगलं यायचं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. ठरलं असं: दुपारी दोन ते चार कपड्यांच्या खोलीत बसायचं, वही तिने धरायची, प्रश्न तिने विचारायचे, उत्तर मी द्यायचं. बरोबर आलं की मी माझ्या पानावर खूण करणार. मग मी तिला विचारायचं. तिला विचारायला फार वेळ लागत नसे. ती दोन वाक्यांत उत्तर द्यायची आणि ते बरोबर असायचं.

पहिल्या दुपारी तिने तिसऱ्या पानापासून सुरुवात केली. चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, “चुकलं, अक्का.”

मी म्हटलं, “काय चुकलं?”

“समदंच चुकलं की. पाय आधी येतोय आन् तुमी डोकं धराय निघाल्या.”

आता हे मी सांगायलाच हवं. मला हसू आलं नाही. तिने मग सोपे म्हणून पहिल्या पानावरचेही विचारले. पुढचे पाच प्रश्न मला आले नाहीत, त्यातले तीन तर पहिल्या पानावरचे होते. सहाव्याला मी रडायला लागले. चादरींच्या घडीत तोंड खुपसून रडले, आणि ती घडी मागाहून मला पुन्हा घालावी लागली. ती शेजारी बसून माझी पाठ चोळत होती. बाळंतिणीची चोळतात तशी, कमरेपासून वर.

दुसऱ्या दिवसापासून ती ‘चुकलं’ म्हणाली नाही.

मी पाठ करून यायचे, ती वही मांडीवर उघडून विचारायची, मी उत्तर द्यायचे आणि ती म्हणायची, “बरोबर.” कधी नुसतं “हां, बरोबर”, कधी “बरोबर चाललंय, फुडं.” मी खूण करायचे. चौथ्या दिवशी तिसऱ्या पानावरचे नऊ प्रश्न पहिल्या पानावर गेले. सातव्या दिवशी तिसरं पान रिकामं झालं. मी ते फाडून टाकलं आणि तिला दाखवलं. ती म्हणाली, “बघा, मी म्हणलं नव्हतं?” आम्ही दोघींनी शेंगा खाल्ल्या. गिरणीचा भोंगा झाला तशी ती उठली आणि टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकून आली.

‘रक्त जाणे’ हा प्रश्न त्या अकरा दिवसांत नऊ वेळा झाला. माझ्या पानावर त्यापुढे नऊ खुणा आहेत. ते पान मी ठेवलेलं आहे. माझं उत्तर नऊही वेळा तेच होतं: रक्त जाताना दिसलं की आधी अर्गट, म्हणजे गर्भपिशवी आवळायचं औषध, पाजायचं, मग पोट चोळायचं, मग डॉक्टरांना बोलावणं पाठवायचं. वार पडून गेलेली असेल तर असं केल्याने फारसं बिघडत नाही. वार आत असेल तर मात्र अर्गट आधी देताच येत नाही. पिशवीचं तोंड आवळतं, वार आत अडकते आणि बाई हातची जाते. एकशे एक प्रश्नांचे शंभर करताना मी हे दोन्ही एका उत्तरात बसवलं होतं. तिच्या मांडीवरच्या वहीत ते वेगवेगळे होते. नऊ दुपारी तिच्या डोळ्यांसमोर खरं उत्तर होतं, तांबड्या शाईत, आणि तोंडात ‘बरोबर’ होतं.

मधल्या एका सकाळी आम्ही दोघी एका बाळंतिणीपाशी होतो. मूल झालं होतं, वार यायची होती. तिने त्या बाईच्या पोटावर हात ठेवला आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, “आधी ही पडू दे. मग औषीद.” आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा मुलाचं वजन लिहून घेत होते. मी ‘हूं’ म्हटलं.

परीक्षेच्या दुपारी व्हरांड्यात पाण्याचा माठ होता आणि आम्ही नऊ जणी भिंतीला टेकून बसलो होतो. नंबराप्रमाणे माझा तिसरा, तिचा चौथा. आत टेबलावर कटिर, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, होता आणि एक चामड्याची बाहुली. पुण्याच्या डॉक्टरांनी बाहुली पालथी-उलथी करून मला तीन प्रश्न विचारले, ते आले. चौथा असा: “मूल होऊन अर्धा तास झाला आहे. वार पडलेली नाही. रक्त फार जातं आहे. डॉक्टर सहा मैलांवर. पहिली गोष्ट काय कराल?”

मी एका दमात सांगितलं. नऊ वेळा बरोबर आलेलं उत्तर, अडखळायचं कारणच नव्हतं. त्यांनी एकदा विचारलं, “पहिली गोष्ट अर्गट?” मी म्हटलं, “होय.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “या.”

मी बाहेर आले. पुढचा नंबर तिचा, तरी घाईने तिला सांगितलं, “वार आत, रक्त जातंय, पहिली गोष्ट काय, असं विचारतात. मी अर्गट सांगितलं. बरोबर ना?”

ती उभी राहिली होती. पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाली, “बरोबर, अक्का.” आणि आत गेली.

मी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून तिची वाट बघत बसले. माझे चार प्रश्न मी आधीच उतरवून ठेवले होते. ती बाहेर आली तेव्हा रीतीप्रमाणे विचारलं, “काय विचारलं?”

“तुमाला विचारलं तेच.”

“चौथा?”

“तोच.”

“तू काय सांगितलंस?”

 माझी पेन्सिल कागदावर टेकलेली. पाचव्या नंबरची बाई आत गेली. मी पुन्हा विचारलं, “अगं, लिहून घ्यायचंय. काय सांगितलंस?”

ती माठाकडे बघत म्हणाली, “पोट चोळायचं. पिशवी घट्ट झाली की दाबून वार काढायची. मग अर्गट.”

मी ते लिहिलं. हात चालत होता म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं. मग दहा पानं मागे गेले, जुन्या तुकडीचा तोच प्रश्न काढला, तांबड्या शाईतलं उत्तर वाचलं. मग माझ्या पानावरच्या नऊ खुणा बघितल्या.

“तुला माहीत होतं.”

“व्हय.”

“नऊ वेळा बरोबर म्हणालीस. आणि आत्ता, दारात?”

“आत्ता काय सांगणार होते, अक्का? तुमचं होऊन गेलं होतं की. उगं कशाला.”

“आणि आधी?”

तेव्हा ती रडायला लागली आणि मला तिचा राग अधिकच आला, कारण रडायचं मी होतं. ती म्हणाली, “पयल्या दिवशी चुकलं म्हणलं तर तुमाला जे येत होतं तेबी जायला लागलं. तुमी बघितलं न्हाय तुमचं तोंड. माझी आई म्हणती, कळा देणाऱ्या बाईला चुकलं म्हणायचं नसतंय. ती उलटी वळली, चुकीचा जोर लावला, तरी बरोबर म्हणायचं आन् हातानं सरळ करायचं. तोंडानं चुकलं म्हणलं की ती गळपटती. मग मूलबी जातंय.”

मी म्हटलं, “मी बाळंतीण नव्हते. मी परीक्षेला बसले होते.”

“मला तसंच दिसत होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी हातानं दावलं की मी. तुमी लिहीत होत्या.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, ते मी तिला दिलं नाही. हाताने सरळ करता येतं ते समोर पडलेल्या बाईला. माझ्या हातात पेन्सिल आहे हे दिसत असताना तिने मला वहीतल्या त्या दोन ओळी वाचून दाखवायच्या होत्या, इतकंच. तिला माझी दया आली आणि त्या दयेपुढे माझी मुलगी तिला आठवली नाही. खोली किती पावलांची आहे हे मी तिला चारदा सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. नऊपैकी सात पास. तिचं नाव होतं, माझं नव्हतं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. खोली रिकामी ठेवता येणार नव्हती, सिस्टरबाईंनी ती तिला देऊ केली. तिला नको म्हणता आलं असतं. तिचं घर पूर्वभागात होतं, चालत अर्धा तास. ती नको म्हणाली नाही. तिच्या घरी एकाच जागेत मागाचा खडखडाट, सहा भावंडं आणि शिळ्या भाकरीवर भांडणं. तिलाही दार लावून बसायला खोली हवी असेल. तेव्हा मला हे पटलं नव्हतं. आज मी ते लिहिते आहे, पण पटलं आहे असं म्हणणार नाही.

रविवारी मी माढ्याला गेले. पत्र टाकून कळवणं सोपं होतं, पण ते मला बरं दिसेना. पॅसेंजर गाडीत सगळ्या वाटेने मी मुलीला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली. पुढच्या महिन्यात नेईन. खोलीची डागडुजी चालू आहे. सिस्टरबाई आजारी आहेत. अशी पाच वाक्यं जमवली, पाचही धीर देणारी होती. स्टेशनवर उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नेमकं काय करते आहे.

मुलगी ओसरीवर बोचक्याला टेकून बसली होती. डोक्याला तेल, नवीन रिबीन. जाऊबाई दारात उभ्या होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, “मी नापास झाले. तुला आज नेता येणार नाही. सहा महिने लागतील, पुन्हा नापास झाले तर आणखी.”

जाऊबाई म्हणाल्या, “अगं बाई! पोरीला जरा धीरानं तरी सांगायचं. पाणी पी, टेक जरा, मग बोलली असतीस. ही काय रीत झाली?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती रडली नाही. म्हणाली, “मग बोचकं सोडू?”

“सोड,” मी म्हटलं.

तिने गाठ दातांनी सोडवली. दोन परकर, पाटी, मोडकी फणी आणि मी मागल्या खेपेला आणलेली चादर, एकेक उचलून आत नेलं आणि आधी होतं तिथे ठेवून आली. तेवढ्या चार खेपा करेपर्यंत आम्ही दोघी बायका तशाच उभ्या होतो. त्या दिवशी जेवताना ती जाऊबाईंच्या पलीकडे बसली.

सोलापूरला परत आल्यावर मी एक यादी केली. वही नीट वाचू शकेल, कामाची माहिती असेल आणि दुपारी मोकळी असेल अशी बाई कोण? पाच नावं लिहिली. दोघी गावी गेल्या होत्या, एकीला डोळ्यांचा त्रास, एक दुपारी झोपायची. उरलं एक नाव. मी दोन महिने थांबले. तोवर आम्ही वॉर्डात कामापुरतं बोलायचो, ‘गरम पाणी’, ‘कात्री’, ‘धर’.

मग एका दुपारी वही घेऊन त्या खोलीच्या दारात उभी राहिले. देवाच्या कोनाड्यात तिने देव ठेवला होता. पाटी-दप्तराच्या कोनाड्यात काही नव्हतं.

मी म्हटलं, “प्रश्न विचार. पण चुकलं तर चुकलं म्हणायचं. रडले तरी म्हणायचं.”

ती बराच वेळ वही चाळत बसली. मग म्हणाली, “अक्का, खरं सांगू? तोंडातनं न्हाय निघायचं ते. जीभ वळत न्हाय.”

“मग काय उपयोग?”

ती उठून बाहेर गेली आणि झाडाखालचे मूठभर चिंचोके गोळा करून आली. “चुकलं की एक हातात ठेवते. बोलणार न्हाय.”

पहिल्या दुपारी माझ्या हातात चव्वेचाळीस चिंचोके आले. मी रडले नाही, मोजले. ‘रक्त जाणे’ मी पुन्हा दोन ठिकाणी लिहिलं आणि प्रश्न एकशे एक केले. शेवटच्या आठवड्यात रोज दोन-तीन यायचे, शेवटच्या दिवशी एकही आला नाही. मी पास झाले. दवाखान्याने मागच्या अंगाला पत्र्याची दुसरी खोली काढून दिली, सहा पावलं बाय सहा. मुलगी दिवाळीनंतर आली. ती आली तेव्हा तिच्या तोंडी जाऊबाईंचे शब्द होते, त्यांचीच हाक होती आणि झोपेत ती त्यांनाच बोलवायची. ते सहा महिने मी कुठल्याच पानावर भरून काढू शकले नाही.

त्यानंतर तेरा वर्षं आम्ही दोघी एकाच वॉर्डात काम केलं. दिवाळीचं ताट यायचं जायचं. माझ्या मुलीला तेलुगू तिने शिकवलं. तिच्या हाताइतका चांगला हात मी पाहिलेला नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण पेशंटपाशी उभी राहून ती “बरोबर चाललंय” म्हणाली की मी पांघरूण वर करून स्वतः बघायचे. दर वेळी. तिला ते दिसायचं. ती बाजूला व्हायची.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली तेव्हा स्वतःच्या लेकीला हात लावायचा नाही असा दवाखान्याचा नियम होता, आणि तो चांगला नियम आहे. जिने तेलुगू शिकवलं तिलाच लेकीने मागून घेतलं. सकाळी दहापासून मी दाराबाहेर बाकावर होते. करायला काही नव्हतं म्हणून कळांमधलं अंतर लिहीत होते. आतून लेकीचा आवाज यायचा आणि त्यावर तिचा, तोच, न घाई न काळजी: “बरोबर. बरोबर चाललंय. हां, बरोबर.”

सगळं ठीक असतं तेव्हा ती जशी म्हणते तशीच. नसतं तेव्हाही तशीच. त्या शब्दावरून काही कळायचा मार्ग नाही, हे सबंध दवाखान्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुपारी तीनच्या सुमाराला मूल रडल्याचं ऐकलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. वारेची वेळ होती. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं. वीस. आतून पुन्हा, “बरोबर.”

मी दारावर थाप मारली आणि म्हटलं, “मला खरं सांग.”

 थोड्या वेळाने दार हातभर उघडलं. ती उभी होती, कोपरापर्यंत बाह्या वर, केस आता कानांपाशी पांढरे.  उजवी मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली. ओला, धुतलेला हात, त्यात चिंचोका नव्हता. मग डावी उघडली. तीही रिकामी.

मी तिच्या बाजूने आत गेले आणि पांघरूण वर करून बघितलं.